रांगणाऱ्या गाडीचा जमाखर्च



कुकरची रिंग आणायला जाताना जुनी रिंग पिशवीत घालून न्यायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'पाच लिटरचा आहे हो' एवढ्यावर दुकानदार जी रिंग देतो, ती घरी आल्यावर हमखास सैल निघते. शिटी होत नाही आणि सगळी वाफ कडेने जाते. मिक्सरच्या भांड्याचं नि शेगडीच्या बर्नरचं तेच. पंधरा वर्षांच्या संसारात ही अक्कल मला चांगली आलेली. पण मुलाच्या गाडीच्या बाबतीत मी ती कुठे गहाण टाकली होती, कोण जाणे!

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी. तिला 'खेळणं' म्हटलेलं आमच्या चिरंजिवांना खपत नाही. तिचं नाव 'क्रॉलर', म्हणजे रांगणारी. ही भरधाव पळत नाही. मुंगीच्या पावलांनी दगडधोंड्यांवरून चढते. जोर चारही चाकांना, टायर गुबगुबीत, आणि स्प्रिंगांची रचना अशी मोकळी की एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत. रांगतं मूल उंबरठा कसं ओलांडतं ते आठवा, तसंच. हौस मूळची अमेरिकेतली. टामिया या जपानी कंपनीने १९८७ मध्ये 'क्लॉड बस्टर' नावाची मोठ्या चाकांची गाडी काढली होती. तिचे अ‍ॅक्सल काढून तिकडच्या हौशी लोकांनी दगडांवर चढणाऱ्या गाड्या घरच्या घरी जुळवल्या. तयार गाड्या मागाहून आल्या. ट्रॅक्ससची 'टीआरएक्स-४' ही २०१७ सालची गाडी मुलांच्या बोलण्यात फार असते. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत पन्नास हजारांच्या पुढची! आमची ती नव्हे. आमची सोळाव्या हिश्श्याची, चिनी बनावटीची, ५,२०० रुपयांची, वाढदिवसाला मामाने दिलेली.

पहिला महिना सुखाचा गेला. रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर चार मुलं जमायची, काळ्या दगडांवर गाड्या चढवायची, घामाघूम होऊन घरी यायची. मोबाइल सोडून मूल उन्हात फिरतंय म्हणून मीही खूश. मग एकाची गाडी जास्त चढू लागली, आणि आमच्या घरात 'अपग्रेड' हा शब्द शिरला.

आता खर्चाची वही उघडते. पहिली आली मोटार, ४८० रुपयांची, 'दुप्पट जोराची' म्हणून. वास्तविक या मोटारींवर वेढ्यांचा आकडा असतो, मोठ्या गाड्यांत ३५टी, ५५टी असा. वेढे जितके जास्त तितकी मोटार सावकाश आणि नेटाने चालणारी. रांगणाऱ्या गाडीला तीच हवी. आमच्या मुलाने आणली जोरात पळणारी. दोन रविवारांत गिअरचे प्लॅस्टिकचे दात सपाट झाले. म्हणून धातूचे गिअर, ८५०. मग त्यांचा जोर सोसेना म्हणून चाकांकडे जाणारा शाफ्ट पिळवटून निघाला. तो धातूचा, ७२०. मध्येच टपावर बसवायचा लोखंडी कठडा नि त्यावर दिवे, ६५०. 'खऱ्या जीपसारखी दिसते की नाही आई?' दिसत होती खरी. शेवटी सर्व्हो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटार, ६०० रुपये. ही माझी स्वतःची खरेदी. अर्धवेळ शाळेच्या पगारातून, मुलाला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून कुणाला न विचारता मागवली. डबा उघडून त्याने बघितलं आणि काही बोलला नाही. आमच्या गाडीत वळवायच्या मोटारीला पाच तारा असतात. बाजारातल्या सर्व्होला तीन. तो चालवायचा तर गाडीतली सगळी विजेची जुळणी आणि रिमोटसुद्धा नवा हवा. जुनी रिंग न नेता कुकरच्या दुकानात गेलेली बाई ती मीच!

बेरीज ३,३०० झाली. आणि गाडी पूर्वीपेक्षा वाईट. चढावर मागे कलंडायची, साध्या आडव्या दगडावर कोलमडायची.

त्या दिवशी मी फार बोलले. मित्र दारात उभे असताना बोलले. 'आता या गाडीवर एक रुपया जाणार नाही. पुन्हा काही बिघडलं असं कानावर आलं, तर सरळ भंगारवाल्याला देईन.' हे म्हणाले, 'अगं, जरा हळू.' पण माझी चूक माझ्या सर्व्होसारखी समोर पडलेली होती, आणि अशा वेळी आपण किती मोठ्याने बोलतो ते आपल्याला ठाऊक आहेच.

पुन्हा काही बिघडल्याचं कानावर आलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत मुलाचं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा स्वेटरांच्या घडीमागे हाताला काहीतरी मऊ लागलं. बॅटरी होती. टम्म फुगलेल्या पुरीसारखी. जवळ नेताच गोडसर, औषधी वास आला. मी ती तशीच ओट्यावर आणून ठेवली, गॅसपासून दोन हातांवर! अण्णा, म्हणजे माझे सासरे, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पेपर वाचत बसले होते. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, 'सूनबाई, आधी ती बाहेर न्या. टोचू नका, दाबू नका.' बाल्कनीतल्या मातीच्या कुंडीत वाळू घालून बॅटरी तिच्यात ठेवली.

मुलगा शाळेतून आला आणि कुंडी बघून पांढराफटक पडला. ती बॅटरी त्याने मित्राकडून ३०० रुपयांना घेतली होती, खाऊच्या पैशांतून. फुगल्यावर 'आई गाडी भंगारात देईल' म्हणून लपवली. तीन आठवडे ती लोकरीच्या कपड्यांत होती, त्याच्या उशापासून चार फुटांवर. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

हा मजकूर मुख्यतः त्या बॅटरीपायी लिहायला घेतला आहे, तेव्हा तेवढं नीट सांगते. या बॅटरीला 'लिपो' म्हणतात, लिथियमची असते. आत दोन कप्पे असले तर ७.४ व्होल्ट. प्रत्येक कप्पा पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली उतरला की बिघडायला लागतो. चांगल्या गाडीतला वेग सांभाळणारा भाग वेळीच प्रवाह तोडतो. स्वस्त गाड्यांत ही सोय पुष्कळदा नसते, कारण त्या दुसऱ्या जातीच्या, नाहीतर स्वतःचं संरक्षण असलेल्या बॅटरीसाठी बनवलेल्या असतात. मुलं गाडी पार थांबेपर्यंत चालवतात, बॅटरी मरते, आणि मेलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली की फुगते. कधी पेटतेही. म्हणून लिपो घ्यायचीच तर तिच्याबरोबर दोन वस्तू घ्याव्यात: दोन्ही कप्पे सारखे भरणारा 'बॅलन्स चार्जर', आणि बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या प्लगला लावायचा बझर. बॅटरी उतरली की तो असा किंचाळतो की शेजारच्या आजीसुद्धा बाहेर येतात. मला तो तपकीर गल्लीत १५० रुपयांना मिळाला. चार्जिंग फरशीवर करावं, गादीवर कधीच नाही, आणि घरात कुणीतरी जागं असताना. १,५०० मिलिअँपिअरची बॅटरी असेल तर चार्जरचा आकडा दीड अँपिअरच्या पुढे नेऊ नये. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धवट भरून, दर कप्प्याला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. प्लग एकसारखे दिसले तरी लाल-काळ्या तारा उलट असू शकतात, तेव्हा जोडण्याआधी रंग जुळवून पाहावा. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. जुन्या विजेच्या वस्तू घेणाऱ्या केंद्रावर द्यावी. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवरही आहे. परदेशातून कुणी नातेवाईक आणणार असतील, तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. सामानात टाकलेल्या चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गाडी मागितली. नातवाला म्हणाले, 'कठडा काढ आधी. टपावर सामान लादलं की घाटात आमची एस.टी. कशी झुलायची!' मग माळ्यावरची एक फळी काढून तिच्यावर गोणपाट ठोकला, आणि फळीचं एक टोक विटांवर ठेवलं. कठड्यासकट गाडी चार विटांची चढण चढत होती, पाचवीला मागे पडायची. कठडा काढल्यावर पाच चढली. खर्च शून्य! मुलगा माझ्याकडे बघायचं टाळत होता. ६५० रुपये त्या कठड्यात गेले होते.

तेव्हापासून घरात अण्णांचा नियम चालतो: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर विटा मोजायच्या. वजन वाईट नाही, पण ते खाली नि पुढे हवं. चढावर गाडीचा भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होऊन उचलली जातात. म्हणून जाणकार लोक पुढच्या अ‍ॅक्सलला नि चाकांना पितळेचे भाग लावतात. त्यांची किंमत ऐकून अण्णा कोपऱ्यावरच्या अलाइनमेंटवाल्याकडे गेले आणि मोटारीच्या चाकांना चिकटवतात ती वजनाची पट्टी घेऊन आले, ६० रुपयांची. पाच-पाच ग्रॅमचे तुकडे असतात. पुढच्या दोन चाकांच्या आत चार-चार बसवले. आणखी लावू म्हणून मुलगा मागे लागला होता, पण फार वजन झालं की तेच ओझं गिअरला आणि वळवणाऱ्या मोटारीला ओढावं लागतं. (तुकडे शिशाचे असले तर हात साबणाने धुवावेत.) टायरमधला कडक फोम काढून भांडी घासायचा वीस रुपयांचा स्पंज कापून घातला, त्याबरोबर टायर दगडाला बिलगू लागला. आता गाडी सात विटा चढते. घुशींच्या जागी बेअरिंगं घालायची होती, त्यासाठी अण्णांनी व्हर्नियर कॅलिपरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून कागदावर लिहून दिली. बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाची २४० रुपयांत मिळाली. बझर धरून सगळे ४७० रुपये.

धातूच्या गिअरबद्दल अण्णांचं म्हणणं निराळं आहे. प्लॅस्टिकचा गिअर म्हणजे घरातला फ्यूज. तो स्वस्तातला, स्वतः जळून बाकीचं वाचवतो. फ्यूजच्या जागी जाड तार घातली की पुढे काय जळेल ते सांगता येत नाही. आमच्याकडे शाफ्ट गेला, तो असाच. मला हे पटतं. मुलाला अजून पटलेलं नाही, आणि त्याच्या मित्रांच्या गाड्या बघता तोही अगदीच चुकत नसेल. मोटार मोठी असली तर धातू लागतोच. पण मग धातूत शिरणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावायला विसरू नये, नाहीतर टेकडीवर स्क्रू शोधत बसावं लागतं.

खरेदीबद्दल आणखी थोडं. २०२० च्या नोव्हेंबरात सरकारने अलीएक्स्प्रेसवर बंदी घातली. बाहेरून थेट मागवलं तर कस्टमची ड्यूटी वर पडते. इथल्या दुकानदाराने फोनवर 'बसेल हो' म्हटलं तर विश्वास ठेवू नये. गाडीच्या पुस्तिकेत प्रत्येक भागाचं चित्र नि नंबर असतो, तो कळवावा. पुस्तिका हरवली असेल तर जुना भाग फूटपट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवावा. चाकं घेताना ती ज्या षटकोनी तुकड्यावर बसतात त्याचं माप विचारा. दहाव्या हिश्श्याच्या गाड्यांत ते सहसा १२ मिलिमीटर असतं, लहान गाड्यांत वेगळं. सर्व्होच्या दांड्याला २३, २४ किंवा २५ दात असतात, आणि एकाचा हात दुसऱ्याला बसत नाही. तारा किती, हे तर मी आता झोपेतसुद्धा विचारते.

मुलाशी ठरलं आहे की काही मोडलं, फुगलं, तापलं तर त्याच दिवशी सांगायचं, आणि त्या दिवशी मी पैशांचा विषय काढायचा नाही. गेल्या रविवारी स्टिअरिंगची काडी मोडल्याचं त्याने जिन्यातूनच ओरडून सांगितलं. मी गप्प राहिले. सोमवारी विचारलं किती लागतील ते. चाळीस रुपये म्हणाला.

तो सर्व्हो शिलाई मशीनच्या खणात अजून कोरा पडून आहे. तीन तारांचा आहे. कुणाच्या घरी लागत असेल तर जरूर कळवा. पण आधी तुमच्या गाडीतल्या तारा मोजा.