बोस्नियाचे प्रसारण आणि 'युरोपीय प्रमाण'

बोस्निया-हर्झगोव्हिनाच्या प्रसारण-नियमनाची गणना यशस्वी सुधारणांत करण्याची एक विद्वन्मान्य प्रथा आहे. ती आम्हांला मान्य नाही.

युद्धकाळात तेथील दूरचित्रवाणीने द्वेषाची भाषा घडवली, हे निर्विवाद. १९९५ च्या डेटन करारानंतरही ती थांबेना, तेव्हा ऑक्टोबर १९९७ मध्ये नाटोप्रणीत फौजांनी बोस्नियातील सर्ब दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण-मनोरे ताब्यात घेतले. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधींच्या आदेशाने स्वतंत्र माध्यम आयोग स्थापन झाला. २००१ मध्ये दूरसंचार नियामकाशी त्याचे विलीनीकरण होऊन आजची नियामक संस्था उभी राहिली. परवान्यांना शिस्त आली, द्वेषपूर्ण प्रसारणाला दंड बसू लागला. हे श्रेय नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

परंतु कलमे युरोपशी जुळली म्हणजे स्वातंत्र्य आले, हे समीकरण भोंगळ आहे. तीन सार्वजनिक प्रसारणसंस्थांना जोडणारे महामंडळ २००५ च्या कायद्यात आहे. ते वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. कायद्याची भाषा ब्रुसेल्सची, नेमणुका मात्र कायदेमंडळांच्या, म्हणजे पर्यायाने पक्षांच्या हाती!

साहित्याच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. शब्दशः निर्दोष भाषांतरही निर्जीव असू शकते, हा आपल्या नित्य वाचनातला अनुभव आहे. तेव्हा 'किती कलमे जुळली?' हा प्रश्न आता पुरे. सत्ताधाऱ्यांच्या वाहिनीला दंड करणारा अधिकारी दुसऱ्या दिवशी आपल्या खुर्चीवर निर्धास्त बसू शकतो का, एवढेच आम्ही विचारतो.