हयातीचा दाखला

या सदरांत खुनाच्या हकीकती आणखी किती महिने येणार, असा प्रश्न आमच्या घरांतूनच मला विचारण्यांत आला आहे. विचारणाऱ्या व्यक्तीच्या हातांत त्या वेळीं माझा सकाळचा चहा होता, सबब मीं वाद घातला नाहीं. उत्तर येथें देतों. पिस्तुलें, दरोडे आणि मोटारींचे पाठलाग यांच्या गोष्टी मलाहि वाचवत नाहींत. परंतु ज्या गुन्ह्याची सुरुवात ओटीवरच्या ओळखीनें होते, ज्यांतील मुख्य हत्यार म्हणजे घरच्या माणसांचा विश्वास, त्याची हकीकत ही आपल्याच कुटुंबाची हकीकत असते. फक्त शेवट तेवढा निराळा.

नोव्हेंबर उजाडला कीं पेन्शनरांच्या घरांत हयातीच्या दाखल्याची धांदल सुरू होते. आपण जिवंत आहों हें दर वर्षीं सरकारास कळविल्याशिवाय पुढचें पेन्शन मिळत नाहीं. पूर्वीं त्यासाठीं बँकेंत जाऊन साहेबांपुढें उभें राहावें लागे. २०१४ सालीं अंगठ्याच्या ठशावर हा दाखला यंत्रानें मिळण्याची सोय झाली, आणि २०२१ पासून मोबाईलला चेहरा दाखविला तरी चालतें. माझ्या आत्याचा दाखला मीच काढून देतों. प्रथम ठशाचा प्रयोग केला, तेव्हां भांडीं घासून व खडू धरून तिच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजलेल्या निघालीं कीं यंत्रानें तीन वेळां तिला नाकारलें. यंत्राच्या मतें ती हयात नव्हती. "मग आतां तेराव्याचें जेवण तरी घाला," असें म्हणून ती हंसली. मलाहि हंसूं आलें, पण त्याच वेळीं शुक्रवार पेठेंतील एका बाईंची आठवण झाली. त्यांच्या बाबतींत याच्या अगदीं उलट घडलें होतें.

लक्ष्मीबाई कर्वे या माहेरच्या इंदुमती पोंक्षे. १९२२ सालीं पुण्यांतील एक सधन व्यापारी अनंत रामचंद्र कर्वे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. यजमानांचा हा दुसरा संसार. १९४५ सालीं यजमान निवर्तले. शुक्रवार पेठेंतील घर, त्याचें भाडें, रोखे, दागिने, बँकेंतील शिल्लक, असें सर्व मागें होतें. नव्हतें तें माणूस. एक मुलगा तरुणपणींच गेला, दुसरा वेगळा राहत असे व मायलेकांचें फारसें सूत नव्हतें. स्वतः बाईंना क्षयाचें दुखणें होऊन गेलेलें आणि मधुमेह जडलेला. अशा बाईला डॉक्टर हा नुसता डॉक्टर राहत नाहीं. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांच्याच घरांत राहत. यजमानांच्या अखेरच्या दुखण्यांत त्यांनीं व त्यांच्या भावानें उपचार केले होते. औषधांबरोबर हळूहळू बँकेचीं कामें व कागदपत्रेंहि त्यांच्याकडे गेलीं. यांत त्या वेळीं कोणास कांहीं वावगें वाटलें नसावें. उलट, बाईंना एक आधार मिळाला असेंच शेजारीपाजारी म्हणाले असतील.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्रीं, मुंबईच्या एका तज्ज्ञाला प्रकृति दाखविण्याच्या निमित्तानें, दोघें पुण्याहून पॅसेंजर गाडीनें निघालीं. पहाटे पांचच्या सुमारास गाडी बोरीबंदरला पोंचली तेव्हां बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनीं त्यांना टॅक्सींत घालून गोकुळदास तेजपाल रुग्णालयांत नेलें आणि नांव सांगितलें इंदुमती. आडनांवहि माहेरचें, आणि तेंसुद्धां दप्तरांत 'पौंशे' असें उमटलें. सासरचें नांव नाहीं, माहेरचें आडनांव वेडेंवांकडें. उद्यां कोणी 'लक्ष्मीबाई कर्वे' म्हणून शोध करीत आलें असतें तर त्या नांवाची रोगीण तेथें कधीं आलीच नव्हती. त्याच दिवशीं साडेअकराला बाई वारल्या. डॉक्टर पुण्यास परतले. नातेवाईकांना कळविलें नाहीं, प्रेत ताब्यांत घेतलें नाहीं. तें बेवारशी म्हणून पडून राहिलें. दहा दिवसांनीं शवविच्छेदन झालें, त्यांत विष आढळलें नाहीं, रासायनिक परीक्षेंतहि आढळलें नाहीं. मधुमेहाच्या मूर्च्छेनें मरण आलें, अशी नोंद झाली.

आणि येथून पुढें पत्रें येऊं लागलीं.

आप्तेष्टांना लक्ष्मीबाईंच्या नांवानें पत्रें मिळालीं, कीं आपण जोशी नांवाच्या गृहस्थाशीं विवाह केला असून जयपूरकडील राठोडी या गांवीं सुखानें राहत आहों, आपला शोध करूं नये. सर्व पत्रें डॉक्टरांनींच रचलेलीं. तिकडे रोखे विकले जात होते, बँकेंतील पैसा निघत होता. खून कसा केला यापेक्षां हीं पत्रें मला अधिक भयंकर वाटतात. त्यांत समाजाची केवढी अचूक पारख आहे पाहा! बाई आजारी आहेत असें लिहिलें असतें तर कोणी भेटीस निघालें असतें. यात्रेस गेल्या म्हटलें असतें तर परतण्याची वाट पाहिली असती. परंतु प्रौढ विधवेनें परप्रांतीं जाऊन पुनर्विवाह केला, ही बातमी १९५६ सालीं पुण्याच्या पेठेंत आली म्हणजे घरची माणसें काय करणार? दार लावून घेणार. चौकशी करणें म्हणजे बभ्रा करणें. गुन्हेगारानें बाईंच्या मरणावर जें पांघरूण घातलें तें आपल्या सर्वांच्या अब्रूचें होतें, आणि तें वर्षभर कोणी उचललें नाहीं, असें मला वाटतें.

सगळेच मात्र गप्प बसले नाहींत, हें त्यांतल्या त्यांत भूषण. कांहीं आप्तमंडळींचा संशय बळावला, सरकारदरबारीं अर्ज गेले, आणि १९५८ सालीं डॉक्टरांवर खटला उभा राहिला. पुण्याच्या सत्र न्यायालयानें फांशी सुनावली, मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि १९५९ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच निकाल दिला. विषप्रयोगाच्या खटल्यांत विष सांपडलेंच पाहिजे असें नाहीं. आरोपीचें मागचें-पुढचें सर्व वर्तन मिळून जर एकच अर्थ निघत असेल तर तेवढा पुरावा पुरे, असें बहुमत झालें. तीन न्यायमूर्तींपैकीं एकाचें मत मात्र निराळें पडलें: मृत्यु अनैसर्गिक होता हेंच सिद्ध झालें नाहीं, असें त्यांनीं म्हटलें. त्या मतांत तथ्य नाहीं असें मला म्हणवत नाहीं. पण रुग्णालयांत खरें नांव सांगून पुण्याच्या नातलगांना एक तार ठोकली असती, तर डॉक्टरांना हात लावणें कोणास शक्य झालें असतें, हें मला दिसत नाहीं. प्रयोगशाळेंतील नळ्या मुक्या राहिल्या आणि न लिहिलेली तार व लिहिलेलीं पत्रें बोललीं.

आतां माझ्या आत्याकडे येतों. तिचें वय ब्याऐंशी. पुण्यांत एकटी राहते, मुलगा अमेरिकेंत, मी ठाण्यास. आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे व त्यावर रोज सकाळीं साडेसहाला आत्याचें गुलाबाचें चित्र येतें, खालीं 'सुप्रभात'. तें आलें कीं ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंत सर्वजण निर्धास्त होतात. त्यावर हात जोडल्याचें चिन्ह टाकलें कीं त्या दिवसाचें कर्तव्य आटोपलें. गेल्या श्रावणांत मी अचानक पुण्यास गेलों तों दाराला कुलूप. शेजारीं विचारलें, तर आत्या चार दिवसांपूर्वीं न्हाणीघरांत पडून रुग्णालयांत होती! त्या चारहि सकाळीं गुलाब वेळेवर आले होते. तिच्या सोबतीला येणारी मुलगी ते पाठवीत होती, आत्यानेंच तिला बजावलें होतें, "मुलांना उगाच घोर नको." मुलीचा कांहीं दोष नव्हता. पण रुग्णालयाच्या पायऱ्या चढतांना राठोडीचीं पत्रें माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

एवढ्यावर भागलें असतें तर हा लेख लिहिण्याचें मला धैर्य झालें असतें कीं नाहीं कोण जाणे. त्या रात्रीं तिच्या खाटेशेजारीं बसून मीं तो जुना निकाल पुन्हां आठवून पाहिला आणि एकेक मुद्दा स्वतःला लावूं लागलों. वृद्ध, आजारी, एकटी बाई, मुलगा दूर, विश्वासांतला एकच मनुष्य. तो मनुष्य मी. चार वर्षांपूर्वीं, तिला बारीक अक्षर दिसत नाहीं म्हणून, बँकेकडे दिलेला मोबाईलचा नंबर बदलून मीं माझा दिला. तेव्हांपासून ओटीपी माझ्याकडे येतो, पेन्शन जमा झाल्याचा निरोप माझ्याकडे येतो, ठेवीची मुदत संपली हें मला कळतें, तिला नाहीं. तिच्या हयातीचा दाखलासुद्धां माझ्याच मोबाईलवरून जातो. एका पैचाहि अपहार मीं केलेला नाहीं. परंतु हें ठाऊक कोणाला? मला. कागदावर पाहूं गेल्यास माझ्या व्यवस्थेंत आणि शुक्रवार पेठेंतल्या त्या व्यवस्थेंत बोट ठेवण्यासारखा फरक मला सांपडला नाहीं. चार वर्षांत मीं तिला हिशेब दिला नव्हता. तिनें मागितला नाहीं, हें मीं विश्वासाचें लक्षण समजत होतों.

आत्या घरीं आल्यावर पंधरा दिवस बसून मीं सर्व हिशेब वहींत मोठ्या अक्षरांत उतरविला व घेऊन गेलों. मनांत धाकधूक होती कीं तिला वाईट वाटेल, "तुझ्यावर अविश्वास का आहे?" म्हणेल. तिनें कांहीं न बोलतां भिंग मागवून घेतलें आणि पहिल्या पानापासून बेरजा तपासूं लागली. तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेली बाई ती! दोन तास मान वर केली नाहीं.

"मागच्या चैत्रांत विजेचें बिल दोनदां धरलें आहेस," ती शेवटीं म्हणाली. "चौदाशें बारा रुपये तुझेकडे निघतात."

मीं चौदाशें बारा रुपये काढून दिले. ते तिनें मोजून घेतले.

"अरे, मग इतके दिवस कां नाहीं दाखवलास? मला वाटे, हें सगळें आतां यंत्रांत असतें, त्यांत आपल्याला काय समजणार? हें तर साधें जमाखर्च आहे."

दुसऱ्या दिवशीं आम्ही रिक्षा करून बँकेंत गेलों व नंबर पुन्हां तिचा करून घेतला. भिंग तिनें पिशवींत घेतलें होतें. कारकुनानें अर्ज पुढें केला तो तिनें मागच्या बाजूचीं बारीक कलमेंसुद्धां वाचल्याशिवाय सही केली नाहीं; मागें रांग खोळंबली, कोणीसें कुरकुरलें, तिनें लक्ष दिलें नाहीं. परत येतांना मीं तिला सांगितलें, कीं यापुढें रोज सकाळीं मी फोन करीन.

पुढच्या सोमवारीं साडेसहा वाजून गेले तरी गुलाब आला नाहीं. पावणेसातला मीं घाबऱ्या घाबऱ्या फोन लावला.

"केलास ना फोन?" आत्या म्हणाली. "आज पांचवा दिवस. पहिले चार दिवस गुलाब मिळाला म्हणून राहिलास वाटतें."