डब्यातले कडधान्य

परवा आमच्या घरी एका डब्यावरून रुसवाफुगवी झाली. धाकट्या सूनबाईने कचेरीतून येताच शिजवलेल्या राजम्याचा तयार डबा फोडला आणि अर्ध्या तासात पाने वाढली. वहिनींनी पान बाजूला सारले. "आमच्याकडे वालाला मोड आणून बिरडे होत असे. असले मेलेले अन्न मी खाणार नाही!" सूनबाईचे डोळे भरून आले आणि मी मात्र गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची भरपाई म्हणून हे चार शब्द.

डबाबंद अन्नाची युक्ती फ्रान्समधील निकोला अपेर याची. १८१० साली तेथील सरकारने त्याला तीबद्दल १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. आज कडधान्य डब्यात बंद करून दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता देतात. जंतू मरतात ते या आचेने. प्रथिने, तंतू आणि लोह बहुतांशी टिकून राहतात. काही ब जीवनसत्त्वे उष्णतेने घटतात, काही पाण्यात उतरतात. पण उसळीचे पाणी ओतून देणाऱ्या घरीही तेच होते. शिवाय अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो, डब्यातला तसा नसतो. सोबत पोळी किंवा भात असला म्हणजे धान्यातील प्रथिनांची उणीव कडधान्य भरून काढते.

वहिनींचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे नाही. मोडांत वाढणारे क जीवनसत्त्व डब्यात मिळत नाही आणि डबा महागही पडतो. खरा दोष मिठाचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते. म्हणून डब्यातले पाणी निथळून दाणे धुवावेत. सोडियम सुमारे ४० टक्के कमी होते. रक्तदाब असलेल्यांनी तर हे विसरूच नये.

पण बडोद्यातील आपल्या जुन्या घरांना एक विचारावेसे वाटते. त्या बिरड्याची चव आपल्याला आठवते. वाल सोलण्यात गेलेल्या बायकांच्या दुपारी आठवतात काय? तेव्हा सोलायला चार हात होते. आज दोनच आहेत आणि तेही दिवसभर कचेरीत राबून आलेले.

तेव्हा आमच्या घरापुरता मी निर्णय घेतला आहे. रविवारी बिरडे व्हावे, वाल सोलावयास मी बसेन. आडवारी डबा फुटला तर कोणी पान सारू नये.