एकांतांतील विद्या व चारचौघांतील विद्या

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या संगणकशास्त्राची पदवी उत्तम गुणांनीं घेऊन घरीं बसली होती. घरीं बसली म्हणजे रिकामी नव्हे. पहाटे पांचास उठून ती प्रश्न सोडवीत असे, आणि तिच्या वहींतील मोजदादीप्रमाणें असे तीनशेंहून अधिक प्रश्न तिनें सोडविले होते. तथापि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या तीन मुलाखती झाल्या आणि तिन्ही ठिकाणांहून नकार आला. बंधु म्हणाले, "दादा, आतां हा नाद पुरे. हिला बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरावयास सांगतों. तुम्हीच हिची समजूत घाला." मुलगी दाराशीं उभी राहून खालीं पाहात होती.

समजूत घालण्यापूर्वी चौकशी करावी, ही आमची शाळेंतली जुनी खोड. आम्हीं विचारलें, "काय बाळ, प्रश्न अवघड होते काय?" ती म्हणाली, "नाहीं, काका. घरीं आल्यावर तेच प्रश्न मीं वीस मिनिटांत सोडविले. तेथें समोरचे गृहस्थ पाहूं लागले कीं हात थांबतो. ते म्हणतात, मनांत काय चाललें आहे तें बोलत राहा. आणि बोलूं लागलें कीं विचाराचा धागाच सुटतो."

हें ऐकून आम्हांस आमच्या वर्गांतील कित्येक मुलें आठवलीं. वहींत गणित बिनचूक, परंतु फळ्यापाशीं उभीं केलीं कीं मुखस्तंभ! अशा मुलांस आम्ही 'अभ्यास कच्चा' असा शेरा देत आलों, हें आतां सांगावयास लाज वाटते. तो शेरा अन्यायाचा होता, हें आम्हांस उतारवयांत एका अमेरिकन प्रयोगाच्या हकीकतीवरून कळलें. २०२० सालीं नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनीं ४८ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. कांहींनीं परीक्षकासमोर फळ्यावर लिहून व मोठ्यानें बोलून प्रश्न सोडवावयाचा. कांहींनीं तोच प्रश्न बंद खोलींत एकट्यानें. परीक्षकाच्या नजरेखालीं असलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खालीं उतरली. त्यांत ज्या थोड्या विद्यार्थिनी होत्या, त्यांपैकीं परीक्षकापुढें उभ्या राहिलेल्या एकीसही उत्तर साधलें नाहीं, आणि एकांतांतल्या सर्वजणींस साधलें. संख्या लहान असल्यामुळें त्यावरून मोठा सिद्धांत काढणें युक्त नव्हे. परंतु आमच्या पुतणीस तो कागद दाखवितांच तिनें मान वर केली, एवढें खरें.

येथें कोणी म्हणेल, मग दोष परीक्षेचा आहे, मुलीचा नव्हे. आम्हांसही तसेंच वाटतें. परंतु परीक्षेची पद्धति सुधारेपर्यंत मुलींनीं घरीं वाट पाहात बसावें काय? शिवाय चारचौघांत विद्या मांडावयाची ही रीत आपणांस अगदींच परकी नाहीं. मिथिलेंत शलाकापरीक्षा होत असे, अशी परंपरा आहे. पोथींत शलाका टोंचावयाची, आणि ती ज्या पानापर्यंत पोंचेल तें पान विद्यार्थ्यानें सभेपुढें उलगडून सांगावयाचें. अशा परीक्षेची तयारी नुसत्या एकांतांतील घोकंपट्टीनें होणारी नव्हे. तीस रोज गुरूपुढें बसून बोलण्याचाच अभ्यास हवा. आमच्या मुलीनें तीनशें प्रश्न केले होते, परंतु ते सारे मुक्यानें केले होते.

म्हणून आम्हीं एका जुन्या विद्यार्थ्यास बोलावणें धाडलें. हा बरींच वर्षें सॉफ्टवेअरच्या धंद्यांत असून उमेदवारांच्या मुलाखती स्वतः घेत असतो. तो म्हणाला, "सर, मी हिला शिकविणार नाहीं. मी फक्त विचारीन." दर रविवारीं सकाळीं पाऊण तास लटकी मुलाखत आणि पाव तास तिची चर्चा, असा क्रम ठरला. आम्हीं जवळच खुर्ची टाकून बसावें.

पहिल्या रविवारचा प्रश्न असा : क्रमानें लावलेल्या यादींत एक संख्या शोधावयाची. मुलीनें तत्काळ लिहावयास आरंभ केला. त्यानें तिला थांबविलें. "आधीं प्रश्न आपल्या शब्दांत सांग. यादी रिकामी असेल काय? एकच संख्या दोनदां येईल काय? मग भोळी रीत सांग, तिला किती वेळ लागेल तें सांग. नंतर चांगली रीत. लिहून झाल्यावर लहानसें उदाहरण घेऊन हातानें चालवून दाखव." ती अडली कीं तो उत्तर सांगत नसे. पुष्कळ वेळ गप्प बसून मग एवढेंच विचारी, "यादींत एकच संख्या असली तर?" ही गप्प बसण्याची विद्या आम्हांस चाळीस वर्षांत साधली नव्हती.

चांगली रीत कोणती, तें आमच्या वाचकांसही सहज समजेल. आपट्यांच्या संस्कृत कोशांत शब्द पाहावयाचा झाला तर आपण पहिल्या पानापासून चाळीत नाहीं. मध्यें उघडतों, आणि शब्द मागें कीं पुढें हें पाहून अर्धा कोश सोडून देतों. असें अर्धें अर्धें करीत गेल्यास एक लाख शब्दांतून हवा तो शब्द फार तर सतरा वेळां पाहून सांपडतो. रीत सोपी, परंतु लिहावयास फसवी. ती प्रथम १९४६ सालीं प्रसिद्ध झाली, आणि कोणत्याही लांबीच्या यादीस चालेल असें तिचें लेखन छापून यावयास १९६० साल उजाडलें, असें डोनाल्ड क्नूथ यांनीं नोंदविलें आहे. पुढें २००६ सालीं जोशुआ ब्लॉक यांनीं उघड सांगितलें कीं, जावा भाषेच्या ग्रंथालयांत आपण स्वतः लिहिलेल्या याच रीतींत एक चूक सुमारें नऊ वर्षें दडून होती. मधली जागा काढण्याकरितां दोन टोंकांची बेरीज करावी लागते. यादी प्रचंड असल्यास ती बेरीज यंत्राच्या मापांत मावत नाहीं, आणि उत्तर ऋण येतें. ही हकीकत ऐकून मुलगी प्रथमच हंसली. एवढ्या मोठ्यांचा हात चुकतो, तर आपला चुकल्यास आकाश कोसळत नाहीं, हें तिला उमजलें.

रविवार सोडून इतर सहा दिवस श्रोत्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हांस त्यांतलें कांहीं कळत नाहीं, असें आम्हीं कबूल करतांच आमचा विद्यार्थी म्हणाला, "तेंच बरें!" १९९९ सालीं निघालेल्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकांत अशी युक्ति आहे कीं, प्रोग्रॅममधील चूक सांपडेनाशी झाली म्हणजे टेबलावर रबराचें बदक ठेवून त्याला ओळीमागून ओळ समजावून सांगावी, सांगतां सांगतां चूक आपली आपणांस दिसते. तात्पर्य, चाळीस वर्षें मास्तरकी करून आम्ही बदकपदास पोंचलों! फरक इतकाच कीं, बदक बोलत नाहीं आणि आम्ही मधूनमधून "असें कां?" म्हणून विचारतों.

तीन महिने हा क्रम चालला. चौथ्या मुलाखतींतही नकार आला. परंतु ती घरीं येऊन म्हणाली, "वेळ पुरला नाहीं, काका, पण हात थांबला नाहीं." आम्हीं त्याच दिवशीं ओळखलें. पांचव्या ठिकाणीं, पुण्यांतील एका लहानशा कंपनींत, तिची निवड झाली. बँकेचा अर्ज कोराच राहिला.

आमच्या वाचकांस इतकेंच सांगणें कीं, आपल्या मुलांची विद्या आपणांस कळत नाहीं म्हणून आपला उपयोग नाहीं, असें मानूं नये. जाणता मार्गदर्शक आठवड्यास एक तास मिळाला तरी पुरतो; परंतु रोज अर्धा तास कान देणारें माणूस घरांतच लागतें. आमचे बंधु हल्लीं सायंकाळीं वर्तमानपत्र बाजूस ठेवून धाकट्या चिरंजीवांपुढें बसतात. समजत कांहीं नाहीं; पण "असें कां?" हें विचारावयास ते चुकत नाहींत.