तालुक्याची कर्णधार

२०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. खो-खोला तिथे पहिल्यांदाच जागा मिळाली होती. भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं आणि त्या संघाची कर्णधार होती आपल्या धाराशिवची, तेव्हाच्या उस्मानाबादची, सारिका काळे. चार वर्षांनी, २०२० मध्ये, तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार त्याआधी १९९८ मध्ये आला होता, म्हणजे मध्ये तब्बल २२ वर्षं गेली. पुरस्काराची बातमी आली तेव्हा सारिका तुळजापूर तालुक्याची क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती.

ही शेवटची ओळ बहुतेकांनी वाचून सोडून दिली असेल. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. देशाचं नेतृत्व करून आलेली मुलगी पुण्या-मुंबईच्या एखाद्या अकादमीत गेली नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्यात खुर्ची-टेबल घेऊन बसली. काही जणांना यात उतार दिसतो. ‘एवढी मोठी खेळाडू आणि तालुक्याला?’ असं म्हणणारे मला भेटले आहेत. माझं मत अगदी उलट आहे. अशा माणसाची खरी गरज तालुक्यालाच आहे.

सारिका कुठून आली ते आधी बघायला हवं. तेरा वर्षांची असताना ती खो-खो खेळायला लागली. आई शिवणकाम करायची, वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारशी कमाई करता येत नव्हती, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. जवळपास दहा वर्षं आपण एक वेळ जेवून काढली, असं तिनेच अर्जुन जाहीर झाल्यावर सांगितलं. बरं जेवण मिळायचं ते शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर. ज्या खेळात दर मिनिटाला वाकायचं, उठायचं, झेपावायचं, तो खेळ ही मुलगी अर्ध्या पोटी खेळली. २०१६ मध्येच घरच्या ओढाताणीने ती इतकी खचली की खेळ सोडायच्या विचारापर्यंत आली होती. तिला समजावून पुन्हा मैदानात आणलं ते प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी. नंतर सरकारी नोकरी लागली आणि घराला टेकू मिळाला.

या हकिगतीत प्रशिक्षक बाजूला काढून बघा. गुण तिच्या अंगात होते, कष्टांची तयारी होती, पण ती खचली त्या दिवसांत घरी जाऊन ‘चल, मैदानावर ये’ म्हणणारा माणूस त्याच गावात नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे काम मोठ्या शहरात बसून फोनवरून होत नाही.

खो-खोत तर जवळ उभा राहणारा जाणता माणूस लागतोच. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, मधून मध्यपाटी, तिच्यावरच्या आठ चौकोनांत आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या, आणि नववी पाठलागावर. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की मागे वळायचं नाही, मध्यपाटी ओलांडायची नाही. पळणारीला मात्र सगळं मैदान मोकळं. म्हणजे नियमांनी बांधलेल्या नऊ जणींनी मोकळ्या तिघींची तुकडी बाद करायची. नुसत्या वेगाने हे जमत नाही. पळणारीच्या खांद्याकडे बघायचं की पावलाकडे, खो लगेच द्यायचा की एक चौकोन पुढे जाऊन, हूल कधी द्यायची आणि अंग झोकून सूर कधी मारायचा, खांबाला हात घालून बाहेरच्या बाजूला किती झुकायचं, हे सगळं डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी शिकायचं असतं. एकेरी साखळीत पळताना दम कुठे राखायचा, हे ज्याने स्वतः मिनिटं मोजत काढली आहेत तोच सांगू शकतो. पुस्तकात नियम मिळतात. ‘आत्ता उठ’ हा क्षण मात्र जुना खेळाडूच दाखवतो.

फुटबॉलच्या जगातलं एक उदाहरण मला इथे आठवतं. स्पेनचा उनाई एमेरी खेळाडू म्हणून फार मोठा नव्हता. त्याची बरीच कारकीर्द दुसऱ्या श्रेणीच्या क्लबांत गेली. २००४-०५ च्या हंगामात तो तिसऱ्या श्रेणीतल्या लोर्का नावाच्या छोट्या क्लबात खेळत होता. गुडघा गेला, खेळणं थांबलं. क्लबच्या अध्यक्षांनी त्यालाच विचारलं, संघ सांभाळतोस का? काल ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधत होता, त्यांचाच तो प्रशिक्षक झाला आणि त्याच हंगामात लोर्का दुसऱ्या श्रेणीत चढला. पुढे सेव्हियाबरोबर २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं त्याने युरोपा लीग जिंकली, २०२१ मध्ये व्हियारेआलबरोबर चौथ्यांदा. लोक त्याला या चषकांवरून ओळखतात. मला मोल वाटतं ते त्या तिसऱ्या श्रेणीच्या क्लबचं. तिथेही प्रशिक्षकाची जागा होती, तिला पगार होता, आणि खेळणं संपलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी करायला त्याच खेळातलं काम होतं.

आपल्याकडे ही पायरीच नाही. खो-खोची व्यावसायिक लीग २०२२ मध्ये सुरू झाली, तीही फक्त पुरुषांची. मुलींनी खेळ संपल्यावर काय करायचं? क्रीडा कोट्यातून रेल्वेत किंवा अशाच एखाद्या खात्यात नोकरी लागली तर लागली, नाहीतर लग्न आणि संसार. तिने पंधरा वर्षांत कमावलेलं सगळं तिच्याबरोबर घरात जातं आणि गावातल्या पुढच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

धाराशिवात मात्र साखळी तुटली नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. दुष्काळाच्या बातम्यांपुरतं ज्याचं नाव निघतं, अशा जिल्ह्यातून आधी भारताची कर्णधार येते आणि मग विश्वविजेत्या संघातली खेळाडू येते. एका मैदानावर माणसं वर्षानुवर्षं चिवटपणे उभी राहिली, म्हणून हे घडलं. मला याचा फार अभिमान आहे.

आणि म्हणूनच आमच्या मुरुममध्ये बसून हुरहुरही वाटते. जिल्हा एकच, पण इथून धाराशिव म्हणजे येणेगूर, नळदुर्ग, तुळजापूर करत जायचं. रोज संध्याकाळच्या सरावाला इथली मुलगी तिथे जाणं शक्य नाही. आमचं गाव सीमेवरचं. निम्म्या घरांत कन्नड, निम्म्यांत मराठी, आणि बऱ्याच घरांत दोन्ही. शाळेच्या मधल्या सुट्टीत मात्र ‘खो’ सगळ्यांना सारखाच कळतो. पलीकडे कर्नाटकातही हा खेळ जोरात आहे. विश्वचषकाच्या संघात कर्नाटकची चैत्रा होतीच. उसाच्या फडातल्या, भुईमुगाच्या रानातल्या या मुली काटक आहेत, चपळ आहेत. पण तालुका स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात चुन्याच्या रेघा पडतात, आठ-दहा दिवस घाम गळतो, आणि संघ हरून आला की रेघा पावसात धुऊन जातात. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. क्रीडा शिक्षक एकटा असतो, निवडणुकीची कामं असतात, वर दहावीच्या क्रीडा गुणांचे प्रस्ताव वेळेत पाठवायचे असतात.

तालुका क्रीडा अधिकाऱ्याचं पदही अशाच कागदांत अडकतं. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक, मैदानांचे आणि व्यायामशाळांच्या अनुदानांचे प्रस्ताव, अहवाल. तालुका, जिल्हा, मग लातूर विभाग आणि मग राज्य, या चढणीची पहिली पायरी त्याच्या हातात असते. पण त्या पायरीवर मुलींना शिकवायला कोणी असावं, यासाठी त्याच्याकडे माणूस नसतो. अर्जुन पुरस्काराची रक्कम त्याच २०२० मध्ये ५ लाखांवरून १५ लाखांवर गेली, फार चांगलं झालं. तेवढ्याच उदारपणे तालुक्याच्या मैदानावर संध्याकाळी दोन तास उभं राहणाऱ्या माजी खेळाडूचं मानधनही ठरवलं पाहिजे.

आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात राष्ट्रीय स्पर्धा खेळून घरी बसलेल्या मुली आहेत. त्यांतली एकेक जरी आठवड्यातून तीन संध्याकाळी उमरगा, लोहारा, भूम, परंडा इथे मैदानावर आली तर पुरेल. मुरुमपुरतं बोलायचं तर नगरपरिषदेने एक जागा वर्षभरासाठी राखावी, दोन खांब कायमचे रोवावेत आणि प्रशिक्षिकेचा येण्या-जाण्याचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात धरावा. सतरा वर्षांखालच्या मुलींपासून सुरुवात करता येईल. शाळांच्या मुख्याध्यापकांनी या महिन्यात एकत्र बसून तसं पत्र द्यावं, मसुदा मी लिहून देतो.