खोलीभाड्याचा हिशेब

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००.

निवासाचा वाटा बारा महिन्यांवर पसरला की सतराशेही भरत नाहीत. पुण्याच्या पेठांत एवढ्यात कॉट बेसिसवरची जागाही अवघड. शिवाय डिपॉझिट आधीच मोजावे लागते.

योजना मोलाचीच आहे. गावाकडून आलेल्या, घरून फारसे पैसे येऊ न शकणाऱ्या मुलामुलींना शहरात टिकायला तिचा आधार होतो. पण रक्कम खात्यात सत्र सरताना जमा झाली, तर घरमालक तोवर थांबत नाही. मदत दरमहा, प्रवेशाच्या पहिल्याच महिन्यापासून मिळावी आणि निवासाची रक्कम त्या-त्या शहरातल्या भाड्यानुसार दरवर्षी ठरावी.