अस्वलाचा फोटो आणि माणसाचा चेहरा

अस्वलाचा फोटो काढायला पायी रानात जाऊ नका, असे म्हटले की घरातली तरुण मंडळी हमखास नाराज होतात. ‘वाघाचा फोटो काढलेला चालतो, मग अस्वलानेच काय घोडे मारले आहे?’ असा त्यांचा सवाल असतो. सवाल अगदीच वावगा नाही. पण वाघाचा फोटो बहुधा जिप्सीत बसून, ठरलेल्या रस्त्यावरून, सोबत वाटाड्या असताना काढला जातो. अस्वलाच्या फोटोची हौस मात्र आता पायी भटकणाऱ्यांना लागली आहे. पाठीवर पिशवी, हातात मोबाईल आणि सुटीचा दिवस, एवढ्या भांडवलावर माणसे डोंगर चढू लागली आहेत. भटकंतीचा हा छंद चांगलाच आहे. मात्र ज्या रानात आपण शिरतो, तिथे आपल्याआधी कोण राहते आणि आपण परतल्यावर मागे कोण उरते, याचा हिशेब आपण मांडत नाही. आयुष्यभर बँकेत हिशेब तपासण्यात गेल्यामुळे असेल, मला ही राहून गेलेली नोंद सारखी खटकते.

नोकरीच्या काळात काही वर्षे माझा मुक्काम खाप्याला होता. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी वसलेले हे विणकरांचे जुने गाव. जवळच गुमगावची मँगनीजची खाण. कन्हान येते ती छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून. नदीच्या वरच्या अंगाला जावे तसतशी शेते विरळ होत जातात, साग, तेंदू आणि मोहाची झाडे सुरू होतात आणि पुढे पेंचचे रान लागते. महाराष्ट्रातल्या पेंचला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सीमेपलीकडे शिवनी जिल्हा. किपलिंगच्या मोगलीची गोष्ट याच शिवनीच्या डोंगरांत घडते. १९९३ साली दूरदर्शनवर मोगली आला आणि घरोघरच्या मुलांना बल्लू अस्वल काकासारखे वाटू लागले. त्याआधी आजीच्या गोष्टींतून जांबुवंत येऊन गेलेलाच होता. म्हणजे अस्वलाशी आपले नाते तसे प्रेमाचेच आहे. अडचण एवढीच, की खऱ्या अस्वलाला या नात्याची कल्पना नसते.

हे खरे अस्वल आहे तरी कसे? काळ्या, राठ, विस्कटलेल्या केसांचे, छातीवर पांढरट पट्टा मिरवणारे, पुढच्या पायांना लांब वाकडी नखे असलेले. ही नखे पाहूनच १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची गणना झाडाला लोंबकळणाऱ्या स्लॉथमध्ये केली. पुढे चूक दुरुस्त झाली, पण इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव चिकटले ते कायमचे. वारूळ फोडायचे, तोंडाचा चंबू करून आतली वाळवी जोराने ओढून घ्यायची, हा त्याचा मुख्य धंदा. त्यासाठी निसर्गाने त्याचे वरचे मधले दोन दातही कमी केले आहेत. बोरे, जांभळे, टेंभरे, मध आणि मोहफुले हे त्याचे इतर खाणे. पिल्ले लहान असली की आई त्यांना पाठीवर बसवून हिंडते. इतर जातींच्या अस्वलांत सहसा न दिसणारी ही सवय आहे.

नाक मोठे तिखट, पण नजर आणि कान बेताचे. त्यात वारूळ फोडताना स्वतःच इतका आवाज करणार, की माणूस पंधरा-वीस पावलांवर येईपर्यंत पत्ता लागत नाही. मग एकदम समोर माणूस! वाघ-बिबट्यांच्या शेजारात पिढ्यान्पिढ्या काढलेल्या या प्राण्याने ‘आधी हल्ला, मग पळ’ ही रीत अंगी बाणवली असावी, असे अभ्यासक मानतात. ते माणसाला खायला येत नाही, घाबरून येते. पण ज्याच्या अंगावर येते, त्याला या फरकाचा काय उपयोग? मागच्या पायांवर उभे राहून ते पुढची नखे चालवते, तेव्हा घाव बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावर बसतो. अस्वल गुदगुल्या करून मारते, असे आपल्याकडे हसत हसत सांगतात. जंगलालगतच्या गावांत मात्र हा विनोद कोणी करत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुले रात्रभर टपटपत राहतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. त्या गोड वासाने अस्वल येते आणि त्याच वेळी टोपली घेऊन बायामाणसेही येतात. मोह वेचणे हे कित्येक घरांचे उन्हाळ्यातले रोख उत्पन्न. त्यापाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम. त्या दिवसांत रानात पाणीही कमी. म्हणजे एकच झाड, एकच नाला, एकच वेळ, आणि गरजवंत दोघे. आपण सुटीला जातो ते तिसरे. आपली गरज नाही, हौस आहे.

नव्वदच्या दशकातली एक गोष्ट सांगतो. एक पन्नाशीचा माणूस बायकोला घेऊन आमच्या शाखेत आला. तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळलेला, फक्त एक डोळा दिसत होता. वनखात्याकडून मिळणारी भरपाई धनादेशाने येणार होती. धनादेशासाठी खाते हवे आणि खात्यासाठी फोटो हवा. तोही समोरून काढलेला, चेहरा उघडा असलेला. मी नियम सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘फोटू काढाच लागते का साहेब? आंगठा घ्या ना.’’ मी म्हटले, ‘‘भाऊ, ओळख पटायला फोटो लागतोच.’’ तेव्हा तो म्हणाला, ‘‘वळखन कोन मले आता?’’ मोह वेचताना अस्वलाने त्याला गाठले होते. कसे, तेही त्याने सांगितले. ‘‘वरतं पोट्ट्यायनं गोटे मारून उठवलं तिले. ते पयाले, अन् मी सापडलो.’’

शेवटी फोटो निघाला, खाते उघडले, भरपाईही जमा झाली. पुढे तो जेव्हा जेव्हा पैसे काढायला येई, तेव्हा बायको सोबत असे. रोखपालाने पासबुकाकडे आणि माणसाकडे आळीपाळीने पाहिले की ती म्हणे, ‘‘हे आमचेच हायेत.’’ पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, पुष्कळ संवाद रचले, पण त्या तीन शब्दांच्या जवळपास जाणारे काही मला लिहिता आले नाही.

त्याच्या बोलण्यातली ‘पोट्टे’ आणि ‘गोटे’ ही दोन माणसे-वस्तू आज बदलली आहेत, एवढेच. तेव्हा पोरे दगड मारून अस्वलाला उठवत. आज हौशी माणूस झुडपात विसावलेल्या अस्वलाचा चांगला कोन मिळावा म्हणून दहा पावले पुढे सरकतो. अस्वल उठते, खाली नाल्याकडे धावते. फोटोवाला सुखरूप घरी येतो आणि फोटो मित्रांना पाठवतो. नाल्यात कोण होते, हे त्याला कधीच कळत नाही. जंगलातल्या धाडसाचा हप्ता नेहमी धाडस करणाराच भरतो असे नाही.

कधी कधी तोही भरतो. मिचिओ होशिनो हा जपानचा थोर छायाचित्रकार. अस्वलांचा स्वभाव जाणणारा माणूस. ऑगस्ट १९९६मध्ये रशियाच्या कामचाटकात त्याच्या तंबूवरच अस्वलाने झडप घातली. ते अस्वल माणसाच्या अन्नाला चटावलेले होते. ऑगस्ट २०१२मध्ये अलास्कातल्या डेनाली उद्यानात एक पदभ्रमण करणारा मारला गेला. शांतपणे चरणाऱ्या अस्वलाचे फोटो तो काही मिनिटे काढत राहिला होता, हे त्याच्याच कॅमेऱ्याने नंतर सांगितले. आणि मे २०१८मध्ये ओडिशाच्या नबरंगपूर जिल्ह्यात लग्नाहून परतणाऱ्या एका चालकाने रस्त्याकडेच्या जखमी अस्वलासोबत सेल्फी घ्यायचा प्रयत्न केला आणि जीव गमावला. बघ्यांच्या मोबाईलमध्ये तो सारा प्रसंग टिपला गेला. जाणकार, हौशी आणि अजाण अशी ही तीन माणसे. आपण स्वतःला यांपैकी कोणत्या रांगेत बसवतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग फोटो काढूच नयेत काय? तसे मी म्हणणार नाही. माझ्या पिढीने दरवेशी पाहिला आहे. नाकातून दोर ओवलेले अस्वल दारोदार नाचे आणि मुलांना दृष्ट लागू नये म्हणून त्याचे केस ताईतात घातले जात. १९७२च्या कायद्याने संरक्षण देऊनही हा खेळ चालूच होता. नाचवले जाणारे शेवटचे ज्ञात अस्वल २००९मध्ये सोडवण्यात आले. त्या वेदनेकडे लोकांचे लक्ष वेधण्यात छायाचित्रांचाही वाटा आहे. आज झाडाला बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांमुळे अस्वले कुठे, केव्हा हिंडतात हे कळते. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने आयुष्यभर रान न्याहाळले आणि मराठी वाचकाला रानाची गोडी लावली. पाहणे वाईट नाही. पाहण्याची घाई वाईट.

माझ्या संग्रहात अस्वलाचा एकच फोटो आहे. आम्ही चार-पाच जण टेकडीच्या धारेवर होतो आणि दरीपलीकडच्या उतारावर अस्वलीण चालली होती, पाठीवर दोन पिल्ले. सोबतच्या गावकरी वाटाड्याने हातानेच आम्हाला थांबवले. एकाने तिथूनच तीन फोटो घेतले. ती आपल्या चालीने निघून गेली, आम्ही होतो हे तिला कळलेही नाही. फोटोत ती एक काळा ठिपका आहे. घरी आलेल्यांना बोट ठेवून दाखवावी लागते. पण आपल्याला कळू न देता घेतलेला फोटो हाच अस्वलाचा चांगला फोटो, असे मला वाटते.

म्हणून थोडे साधे नियम पाळू या. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात अस्वलापासून किमान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर ठेवण्याचा दंडक आहे. आपल्या झाडोऱ्यात इतक्या लांबून अस्वल दिसतच नाही, म्हणून सावधगिरी जास्तच हवी. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नये. पहाटे आणि संध्याकाळी दाट झुडपे, कपारी, वारुळे यांपासून दूर राहावे. एकट्याने जाऊ नये आणि चालताना बोलत राहावे, म्हणजे अस्वलालाच बाजूला होता येते. पिल्ले दिसली की मागे फिरावे. हल्ला झालाच, तर पालथे पडून हातांनी मान झाकावी, असे जाणकार सांगतात. फोटो मिळालाच, तर जागेचे नाव कुणाला कळवू नये.

भटकंतीच्या मंडळांनी मोहाच्या हंगामात त्या वाटांवरच्या सहली बंद ठेवाव्यात. वर्षातले दोन महिने, फार मोठा त्याग नव्हे. वनखात्यानेही मोह वेचणाऱ्यांना झाडाखाली बांधायच्या जाळ्या पुरवाव्यात. मध्य प्रदेशात अशा जाळ्यांचा वापर झाला आहे. फुले जाळीत साठतात, अंधारात जावे लागत नाही, पाचोळा जाळावा लागत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. भरपाईचा धनादेश लिहिण्यापेक्षा जाळी स्वस्त पडते, हे कोणीही बँकवाला सांगेल.

येत्या उन्हाळ्यात मुले ‘अस्वल दाखवा’ म्हणून हट्ट धरतील, तेव्हा त्यांना जिप्सीतून न्या, प्राणिसंग्रहालयात न्या, पुस्तक आणून द्या. आणि एकदा तरी पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्या बाईविषयीही सांगा. रान तिच्याही घराचा भाग आहे.